पहिली आखाजी आणि रात्री दोनची गोळी

(माईंना आलेलं हे पत्र सहा पानी होतं. लिहिणारीच्या परवानगीने, ओळख पटेल असा मजकूर गाळून, आखडून छापत आहोत. आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया; त्या दिवशी लेकी माहेरी येतात आणि गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात.)

माई,

माझं माहेर अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात, सासर धुळ्याला. वय ३९. माझी आई माघात गेली. पित्ताशयाचा कॅन्सर होता. मुंबईला नेलं तोवर तो यकृतात पसरला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, आता केमो देऊन हालच वाढतील, घरी न्या, पण दुखू देऊ नका. मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या पट्ट्या धुळ्यात मिळायची सोय झाली. नवरा आणि मुलगी यांना धुळ्याला ठेवून मी सात आठवडे माहेरी राहिले. दर चार तासांनी एक गोळी. सहा, दहा, दोन, परत सहा, दहा, दोन. मोबाईलवर गजर लावले होते.

शेवटचे चार दिवस तिने खाणं सोडलं. शेवटच्या संध्याकाळी तिचे पाय गार पडले, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसायला लागली, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू व्हायचा. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आता वेळ जवळ आली आहे, गोळी आहे तशीच चालू ठेवा. रात्री दोनची गोळी मी चमचाभर पाण्यात विरघळवून थोडी थोडी तिच्या गालात सोडली. ती म्हणाली, "जपी जाय आते, माय." झोप आता, असं. मी भिंतीला टेकले. पावणेपाचला डोळा उघडला तेव्हा ती गेलेली होती.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी दारावर आलेल्या माणसांसमोर भाऊ म्हणाला, "दवाखान्यात ठेवली असती तर आखाजी तरी पाहिली असती. उपाशी ठेवी आन् गोळ्या दी दीसन..." पुढचं बोलला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या सात आठवड्यांत तो एकही रात्र घरी झोपला नव्हता, शेतावरच होता. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. मी अजून रडलेही नाही. गजर वाजत नाही तरी रात्री दोनला जाग येते. उरलेल्या चौदा गोळ्या माहेरी कपाटात, स्टीलच्या डब्यात तशाच आहेत.

आता आखाजी आली. वहिनीचा फोन आला, "ताई, या. जिजींची घागर तुमच्याशिवाय कोण भरणार?" सासूबाई म्हणतात पहिला सण आहे, जायलाच पाहिजे. माझी अकरा वर्षांची मुलगी विचारते, आजी नाही तर झोका कोण बांधेल. माय नाही तिथे कसलं माहेर? जाऊ का मी? आणि माई, खरं सांगा, ती गोळी मी द्यायला नको होती का?

— एक लेक

*

पोरी,

शेवटच्या ओळीत विचारलंस त्याचं उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय तुला आखाजीचं काही सुचायचं नाही. ती गोळी द्यायलाच हवी होती. तुझी आई आजाराने गेली, गोळीने नाही.

तुला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, खोट्या धीराचा मला तिटकारा आहे. तू वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस ते मी मोठे करकरून पाहिले. चौकटीची वही, बहुतेक तुझ्या मुलीची गणिताची उरलेली. वर तारीख, खाली सहा घरं, प्रत्येक घरात बरोबरची खूण. एका पानावर कपाचा गोल डाग. खाली रोज एक ओळ, पोट साफ व्हायचं सिरप दिलं की नाही त्याची. मधेच दुखलं तर जास्तीची एक गोळी द्यायची मुभा डॉक्टरांनी दिली होती. सात आठवड्यांत तू ती फक्त पाच वेळा दिलीस आणि पाचही वेळा पुढे कारण लिहिलंस. 'कूस बदलताना', 'अंग पुसल्यावर', असं. शेवटच्या रात्रीच्या दोनच्या घरात एकच खूण आहे. सहाचं घर रिकामं.

मी नोकरीत असताना वॉर्डातल्या सगळ्याच केसपेपरवर इतका चोख हिशेब पाहिला नाही. जाऊ दे ते.

आता नीट ऐक. मॉर्फिनने जीव जातो तो कधी? ज्या शरीराला त्याची सवय नाही त्याला एकदम मोठी मात्रा दिली तर. मग माणूस हाका मारून, हलवूनही उठत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मंद मंद होत जातो. तुझ्या आईच्या शरीराला सात आठवड्यांची सवय होती. मात्रा तीच होती, वाढवलेली नव्हती. आणि तुला एक सांगते, जे तुझ्या भावाला ठाऊक असायचं कारण नाही. रात्री दहाला दोन मात्रा एकदम देऊन दोनची गाळायची, म्हणजे रोग्यालाही झोप लागते आणि उशाशी बसणाऱ्यालाही, असं पुष्कळ डॉक्टर स्वतःच लिहून देतात. (हे वाचून कुणी घरच्या घरी मात्रा वाढवू नये. तो निर्णय डॉक्टरांचाच.) तू तर एकच गोळी दिलीस.

आणि तुझंच पत्र परत वाच. पाय गार पडले संध्याकाळी. निळसर जाळी आली संध्याकाळी. श्वास अडखळायला लागला तोही संध्याकाळी. मग रात्रीचे दोन. जाणं गोळीच्या किती तरी तास आधी सुरू झालं होतं, डॉक्टरांनी फोनवर तेच सांगितलं. त्या गोळीने झालं असेल तर इतकंच की शेवटचे तीन तास ती कण्हली नाही. कण्हली असती तर तुझा डोळा लागला नसता.

'उपाशी ठेवली' याचंही बोलू. आपल्याकडे माणूस जेवला म्हणजे जगला, एवढंच गणित. म्हणून शेवटच्या दिवसांत चमच्याने पेज घालत राहतात आणि ठसका लागून ती श्वासनळीत जाते. मी अशी माणसं तडफडताना पाहिली आहेत, आणि घालणारा हात प्रेमाचाच होता. शरीर आवरायला लागलं की भूक आपोआप जाते. आतड्यांना पचवायची ताकद उरत नाही, भुकेची कळही तशी राहत नाही. न जेवल्यामुळे माणूस मरत नसतो तेव्हा. मरायला टेकलेला असतो म्हणून जेवत नाही. अशा वेळी ओठ ओले ठेवायचे, तोंड आतून ओल्या कापडाने पुसायचं. तू कापसाच्या बोळ्याने पाणी आणि मग ओठांना तूप लावत होतीस, असं चौथ्या पानावर लिहिलं आहेस. तोंडाची काळजी दवाखान्यात तरी काय वेगळी घेतली असती?

दवाखान्यात काय झालं असतं तेही सांगते. सलाईन, नाकातून नळी, कदाचित आयसीयू, भेटायच्या वेळा. आखाजी काही तिने पाहिली नसती. कदाचित आठ दिवस जास्त मिळाले असते, कदाचित तेही नाही, आणि 'जपी जाय आते' म्हणायला जवळ कुणी नसतं.

माझ्या वडिलांचं सांगते. १९९५ साल. त्यांना तोंडाचा कॅन्सर, तंबाखूची देणगी. मी नर्स, ओळखीचे डॉक्टर, आणि तरी मला जिल्ह्यात कुठे मॉर्फिनची एक गोळी मिळाली नाही. अफूचा पदार्थ म्हणून १९८५ च्या कायद्याने त्यावर इतके परवाने लादले होते की औषधाची दुकानं आणि दवाखाने ती भानगड ठेवायलाच तयार नसत. आणि गंमत बघ, सातपुड्यापलीकडे माळव्यात, मंदसौर-नीमचच्या शेतांत, सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून मॉर्फिन निघतं. आमच्या घरापासून एका रात्रीच्या वाटेवर. माझे वडील तेरा रात्री उशी दातांत धरून होते. २०१४ साली तो कायदा बदलला, परवान्यांची माळ कमी झाली, तेव्हा कुठे ही गोळी थोडी खाली झिरपली. तुझ्या आईला ती मिळाली, हे वाचून मला आधी हेवा वाटला. लिहून टाकते, लपवून काय करू.

लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई होत्या. आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी मरणाऱ्या माणसांसाठी वेगळं रुग्णालय काढलं, त्यावरून जगभर हॉस्पिस हा शब्द रुजला. त्यांचं सांगणं साधं होतं. दुखायला लागल्यावर औषध देऊ नका, दुखणं परत यायच्या आधी घड्याळ लावून द्या. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे, तिथे हेच चालतं. खानदेशातल्या खेड्यात असली पाटी कुठून असणार? पण मोबाईलवर सहा गजर लावून तू तुझ्या माहेरच्या मधल्या खोलीत तेच चालवलंस. आणि एकटीने चालवलंस, तिथे पाळ्या असतात.

आता भाऊ.

पत्र वाचून मला त्याचा राग आला. मग दोन दिवस पत्र बाजूला ठेवलं. माघात गव्हा-हरभऱ्याला पाणी भरायला रात्रीची लाईट असते, हे मला कळतं. पण सात आठवडे रोज रात्री नसते, हेही कळतं. तो शेतावर गेला कारण त्याला त्या खोलीत बसवत नव्हतं. असे मुलगे मी खूप पाहिले. वॉर्डाच्या बाहेर बिड्या ओढत उभे राहतात, औषधाची चिठ्ठी धावत जाऊन आणतात, पण पलंगाजवळ दोन मिनिटं टिकत नाहीत. आणि माणूस गेल्यावर सगळ्यात मोठ्या आवाजात तेच बोलतात. आपण नव्हतो, हे त्यांना गिळता येत नाही, म्हणून जे होते त्यांनी काय चुकीचं केलं ते शोधत बसतात. हे सांगितलं म्हणून तू त्याला माफ कर, असं मी म्हणत नाही. चारचौघांत तो जे बोलला ते चारचौघांतच परत घ्यायला हवं. पण ते तुझ्या हातात नाही, म्हणून तुझ्या हातातलं सांगते.

आखाजीच्या दिवशी हा विषय काढू नकोस. त्या दिवशी घरात कोण नसतं? सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, नवं साल ठरत असतं, भाऊबंद येऊन-जाऊन असतात, दुपारी पुरुष ओट्यावर पत्ते कुटत बसतात. तिथे तू वही काढलीस तर तमाशा होईल आणि तू पुन्हा एकदा सगळ्यांच्या नजरेसमोर उभी राहशील.

त्याऐवजी त्या चौदा गोळ्यांचा उपयोग कर. त्या तशा घरात ठेवायच्याच नसतात. कपाटात पोरं हात घालतात, आणि 'तुमच्याकडे दुखण्याची गोळी आहे ना' म्हणून कुणी शेजारी मागायला आला की वहिनी बिचारी देऊन बसेल. सवय नसलेल्याला त्यातली एकही महागात पडू शकते. ज्या ठिकाणाहून त्या घेतल्यास तिथे परत द्यायच्या, ते मोजून घेतात. तर सण झाल्यावर वहिनीमार्फत भावाला निरोप दे, गोळ्या परत करायला धुळ्याला जायचंय, तू गाडीवर चल. काम म्हटलं की असले पुरुष येतात. तिथे डॉक्टर असतील. वही त्यांच्यासमोर टेबलावर ठेव आणि त्याला म्हण, तुला जे विचारायचं ते यांना विचार. तू मध्ये काही बोलू नकोस. मी हे दोन-तीन घरांत होताना पाहिलंय. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर माणूस खाली मान घालतो, बाहेर येऊन चहा पाजतो, आणि तीच त्याची माफी असते. तुला ती पुरेल का, ते तू ठरव. आला नाही तर गोळ्या तू एकटी परत कर, पण कर.

आखाजीला जा.

'सासूबाई म्हणतात म्हणून' नको. वहिनीने फोन केला म्हणून जा. ज्या घरात नवरा बहिणीशी बोलत नाही, तिथून नणंदेला फोन करून 'घागर तुमच्याशिवाय कोण भरणार' असं म्हणणं सोपं नसतं. त्या सात आठवड्यांत चूल तिने सांभाळली असणार. तू पत्रात तिचं फारसं लिहिलेलं नाहीस. माय नाही तिथे कसलं माहेर, असं विचारतेस. मला वाटतं वहिनीच्या त्या फोनमध्ये थोडं आहे. आईएवढं नाही, आईसारखंही नाही.

बाहेर पुष्कळांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. आपल्याकडे वैशाखाच्या त्या तिजेला दोन कामं एकाच घरात चालतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि त्याच सकाळी पितरांची घागर भरली जाते. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात गेलेल्या माणसाला आधी काय लागेल, तर पाणी. कोरी घागर, तिच्यावर छोटं मातीचं डेरगं, त्यावर खरबूज, दोन आंबे, सांजोऱ्या. मग निखाऱ्यांवर आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने टाकलेला घास. म्हणजे या सणात मेलेल्यांना घराबाहेर काढून जिवंतांनी हसायचं, असं नाहीच. दिवाळीचं मला कठीण वाटतं. माझे मालक गेले त्या वर्षी दिवाळीला दारात पणती लावावी की नाही यावरून घरात चार दिवस वाद झाला, शेवटी मी चिडून सगळ्यांना हाकललं. आखाजीला तो पेच पडत नाही. तू झोक्याजवळ बसून रडलीस तरी कुणी 'सणासुदीचं काय हे' म्हणणार नाही. म्हणालंच कुणी, तर ते बाहेरगावचं.

फक्त काही गोष्टी आधीच वहिनीला फोनवर सांगून टाक, ऐनवेळी नको. आदल्या दिवशी संध्याकाळी येईन, सणाच्या दुसऱ्या दिवशी निघेन. आठ दिवस नाही. दर वर्षीचं जुनं गणित या वर्षी धरायचं नाही. खापरावरचे मांडे मी करणार नाही. हे खास सांग, कारण तुला येतात आणि तू गेलीस की खापर तुझ्यापुढेच येणार. पहिल्या सणाला बऱ्याच घरांत कढई चढत नाही, भाऊबंद नाहीतर सोयरे पुरणाचं आणतात. तुमच्यात तसं असेल तर आणू दे त्यांना. नसेल तर रस, शेवया, भात करा आणि सोडा. आईच्या हातचे मांडे या वर्षी नाहीत, तर ताटात ती जागा रिकामी दिसू दे. घाईने ती भरायला जाऊ नका. तू तेच करायला जाशील, मला ठाऊक आहे. मधल्या खोलीत मला झोपणं जमलं नाही तर ओट्यावर झोपेन, असंही सांग. त्या खोलीत पहिल्याच रात्री झोपायची काही गरज नाही. झोपावंसं वाटलं तर झोप.

आणि जायच्या दिवशी सकाळी उठून पाय उचललाच नाही, तर जाऊ नकोस. धुळ्यात स्वतःच्या घरी कोरा माठ भर, त्यावर आंबा ठेव. तेही चालतं. वहिनीला मात्र फोन कर, वाट बघायला लावू नकोस.

झोका. तुझी पोर अकरा वर्षांची आहे, तिला वाटतंय आजीबरोबर झोकाही गेला. बांध. कोण बांधणार असं विचारते ना, तर भावाला बांधायला सांग. पोरीने सांगू दे, तू नको. मामा लिंबावर चढेल, दोर ओढून बघेल, पाट बसवेल, तेवढा वेळ त्याला कुणाशी बोलावं लागणार नाही आणि तो घरातच असेल. मी यातून काही चमत्कार होईल असं म्हणत नाही. झोका बांधला जाईल.

मुलीला आजीचं खोटं सांगू नकोस हो. 'देवाघरी झोपली' वगैरे अकरा वर्षांच्या पोरीला पुरत नाही, उलट झोपेची भीती बसते. आजार काय होता, गोळ्या कशासाठी होत्या, आई सात आठवडे घरी का नव्हती, सगळं सांग. त्या काळात तिचीही आई गेलेलीच होती, हे ध्यानात ठेव. तिने तक्रार केली नाही म्हणून ते झालं नाही असं नाही.

राहिलं तुझं न रडणं आणि दोनची जाग.

तू सात आठवडे दर चार तासांनी उठलीस. शरीर मुकाट शिकतं आणि फार हळू विसरतं. बाळंतिणीला पोर मोठं झाल्यावरही कितीतरी महिने रात्री जाग येते, तसंच हे. दोनला जाग आली तर पडून छताकडे बघत राहू नकोस. ऊठ, पाणी पी, गच्चीत जा, पाच मिनिटं बस, परत ये. मोबाईल घेऊ नकोस. आणि एक विचारते, मोबाईलमधून ते सहाही गजर काढलेस की नुसते बंद करून ठेवलेस? मला वाटतं बंद करून ठेवलेत. राहू दे. काढावेसे वाटतील त्या दिवशी काढ.

रडू का येत नाही? तेरा दिवस तू भांडी, पाहुणे, दारावर येणारे, बामणाची यादी यांत होतीस, आणि त्याच गर्दीत भावाने तुला आरोपी केलं. आरोपी माणूस रडत नाही, तो मनात सारखी साक्ष देत असतो. म्हणून तर मी गोळीचं आधी लिहिलं. ती साक्ष एकदा संपली की रडू येईल. कुठे येईल सांगता येत नाही, भाजी बाजारात येईल नाहीतर आमरसाचा वास आल्यावर. नाही आलं तरी तू दगड नाहीस.

पण हे लक्षात ठेव. पाच-सहा महिने उलटले तरी दोनची जाग तशीच राहिली, जेवण सुटलं, घरचं काम उचलेना, किंवा आईबरोबर आपणही जावं असं मनात यायला लागलं, तर त्याला नुसतं दुःख म्हणून सहन करत बसायचं नाही. त्या शेवटच्या विचाराला तर एक दिवसही थांबायचं नाही. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही लागतो आणि मराठीत बोलतात. धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव की असं झालं तर मला घेऊन चल. तो सात आठवडे पोरीला एकट्याने सांभाळत होता आणि तुझ्या पत्रात त्याची एकही तक्रार नाही. त्याच्याशी थोडं बोल. त्याला विचारायचं असतं, पण पुरुषांना कसं विचारावं ते कळत नाही.

आईच्या शेवटच्या शब्दांवर तू चार ओळी लिहिल्यास. 'जपी जाय' म्हणजे ती मला झोप म्हणाली, आणि मी झोपले, आणि ती गेली, म्हणून मी झोपायला नको होतं, असं. अगं, अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं, हे खरं. ती आई होती, लेक सात आठवडे जागी आहे हे तिला दिसत होतं. तिने झोप म्हटलं, तू झोपलीस. तिचं ऐकलंस.

शेवटी एक किरकोळ गोष्ट. आगारी टाकताना पितरांचं नाव घ्यावं लागतं. तुझ्या सहा पानांत आई आहे, माय आहे, वहिनीच्या तोंडी जिजी आहे, पण तिचं नाव कुठेच नाही. बहुतेक घरांत असंच होतं, बाईला चाळीस वर्षं कुणी नावाने हाक मारलेली नसते. तुझ्या पोरीला आजीचं नाव माहीत आहे का, आखाजीच्या आधी विचारून बघ.

— माई